‘मुदत गेली’ असं तुम्हाला कुणी सांगितलं?

पत्र : पेडणे तालुक्यातल्या एका ४४ वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. माहेर सावंतवाडीकडचं, लग्न होऊन गोव्यात आल्या त्याला २२ वर्षं झाली. पती खाजगी बसवर ड्रायव्हर होते. १४ महिन्यांपूर्वी बांबोळीच्या इस्पितळात त्यांचं निधन झालं, वय ४९. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजात आहे. मुलगा १६ वर्षांचा. ताईंना गृह आधार योजनेचे (गोवा सरकारचं गृहिणींसाठीचं मानधन) महिना १,५०० रुपये पतीच्या हयातीत मिळत होते आणि अजूनही खात्यात येतात. पती गेल्याचं त्यांनी खात्याला कळवलेलं नाही. दीर म्हणतात, ‘गप्प बस. कळवलंस तर सगळे पैसे परत मागतील. विधवांच्या पेन्शनचा अर्ज वर्षाच्या आत करायचा असतो, ती मुदत गेली.’ शेजारीण म्हणते, ‘तूं गोंयची न्हय, तुका कोण दितलो?’ (तू गोव्याची नाहीस, तुला कोण देणार?) सासूबाई ७६ वर्षांच्या. त्यांचं दयानंद योजनेचं (वृद्ध, विधवा अशांसाठीची गोवा सरकारची पेन्शन) २,००० रुपयांचं मानधन सहा महिन्यांपासून बंद आहे, कारण हयातीचा दाखला द्यायचा राहिला. ताई शेवटी विचारतात, ‘आता हात पसरायला जाऊ, की आहे ते सांभाळून गप्प राहू?’

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी जीव कळवळला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन घेतलं आणि प्रत्येक ‘म्हणतात’खाली रेघ ओढली. सात रेघा झाल्या. दीर म्हणतात, शेजारीण म्हणते, बसमध्ये भेटलेली बाई म्हणाली. खात्याने तुम्हाला काही लेखी दिल्याचा उल्लेख पत्रात एकदाही नाही. १४ महिने तुम्ही ज्या नकाराला घाबरून बसला आहात, तो अजून तुम्हाला मिळालेलाच नाही.

आधी ‘मुदत’ या शब्दाबद्दल बोलते, कारण तुमच्या घरातली सगळी भीती त्यातून आली आहे. सरकारी योजनांमध्ये आपण मुदत म्हणतो त्या प्रत्यक्षात निरनिराळ्या गोष्टी असतात. काही ठिकाणी खरोखरच दार बंद होतं. पंतप्रधान मातृवंदना योजनेचा अर्ज बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांच्या आत करायचा असतो, पुढे तो घेत नाहीत. काही ठिकाणी दार उघडंच राहतं, फक्त उशिरा गेलेल्याला जास्त फेऱ्या पडतात. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहिली तरी पुढे विलंब शुल्क, परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश अशा वाटेने होतेच. तिसरी मुदत कागदांची. उत्पन्नाचा दाखला जुना झाला तर नवा काढायचा, तेवढ्याने हक्क जात नाही.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजना यापेक्षा वेगळी चालते. ती घटनेवर बांधलेली नाही, माणसाच्या स्थितीवर बांधलेली आहे. साठी उलटलेला माणूस ६० व्या वर्षी अर्ज करू शकतो, तसाच ६७ व्या वर्षीही. विधवा असणं हीसुद्धा स्थिती आहे. ती पती गेल्याच्या वर्षभरानंतर संपते असं कोण म्हणेल? उशीर केल्याने गेलेले महिने हातून जातात, हे मात्र खरं. पैसे मंजुरीनंतर सुरू होतात, दुःख झालं त्या दिवसापासून मोजून देत नाहीत. त्यामुळे ‘मुदत गेली’ या वाक्याने तुमचं नुकसान दरमहा वाढतं आहे.

किती, ते आकड्यांत मांडते. जिचं धाकटं मूल २१ वर्षांच्या आतलं आहे अशा विधवेसाठी या योजनेत महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. तुम्हाला आज १,५०० मिळतात. उत्पन्नाच्या अटीत तुम्ही बसत असाल तर फरक २,५०० रुपयांचा. १४ महिन्यांचे ३५,००० झाले. आणि परत मागतील म्हणून ज्या रकमेला तुम्ही भ्यायला आहात ती, सगळीच्या सगळी मागितली असं धरलं तरी, १,५०० गुणिले १४, म्हणजे २१,०००. तुमचा मुलगा १६ वर्षांचा आहे. तो २१ चा होईपर्यंत हातात पाच वर्षं आहेत, आणि खरं धावणारं घड्याळ तेच आहे. दिरांच्या डोळ्यांपुढे ते नाही.

दिरांना मी वाईट म्हणणार नाही. भाऊ गेल्यावर वहिनीच्या घरी चार पैसे येत राहावेत एवढीच त्यांची इच्छा असावी. पण गप्प राहणं सुरक्षित आहे, हा त्यांचा अंदाज चुकीचा आहे. मृत्यूची नोंद सरकारी दप्तरात झालेली आहे. तुमचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे. पुढेमागे पडताळणी झाली आणि खात्यालाच ते आढळलं, तर तुम्ही लपवलंत असं दिसेल. तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत तर ते उशिरा कळवणं ठरेल. त्या खुर्चीवर बसलेला माणूस या दोन गोष्टींकडे सारख्या नजरेने पाहत नाही. शिवाय दयानंदच्या नव्या अर्जाच्या वेळी गृह आधारच्या जुन्या पैशांची चौकशी होणारच. तेव्हा तो विषय तुम्हीच काढा.

अर्ज दोन करा, पण एकाच दिवशी. पहिला महिला व बालविकास खात्याच्या तालुका कार्यालयात, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे. त्यात पतीच्या निधनाची तारीख, तुमचा गृह आधारचा क्रमांक आणि साधी तीन वाक्यं : पती अमुक तारखेला वारले, मला कळवायचं असतं हे ठाऊक नव्हतं, माझं प्रकरण विधवा म्हणून दयानंद योजनेकडे वळवावं. पुढे हेही लिहा, की काही रक्कम वसूल करायची असल्यास ती लेखी कळवावी आणि पुढच्या मानधनातून थोडी थोडी वळती करावी. दुसरा अर्ज समाजकल्याण खात्याकडे, योजनेच्या ठरलेल्या फॉर्मवर. दोन्हींच्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘आमच्याकडे आहे, तुम्ही जावा’ असं म्हणाले तरी पोच मागा. हात जोडून मागितलीत तरी चालेल, पण मागा. तुमच्या बाजूची सगळी मोजणी त्या शिक्क्यापासून सुरू होते.

कारण मुदत सरकारलाही असते, आणि हे आपल्याकडे फार कमी लोक बोलतात. गोव्यात २०१३ पासून नागरिकांना ठरावीक वेळेत सेवा मिळण्याच्या हक्काचा कायदा आहे. त्याखाली अधिसूचित केलेल्या सेवांसाठी दिवस ठरलेले आहेत आणि उशीर झाला तर अपिलाची सोय आहे. तुमचा अर्ज नुसता पडून राहिला तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून विचारा : अमुक आवक क्रमांकाचा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे, त्यावर काय शेरा आहे, त्रुटी असल्यास कोणती? ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही निभावलं नाही तर ९० दिवसांच्या आत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पुष्कळदा अपिलापर्यंत जावंच लागत नाही. प्रश्न कागदावर आला की फाईल हलते.

आता शेजारणीचं बोलणं. ताई, ते तुम्हाला लागलं आहे, पत्रातल्या त्या ओळीवरून समजतं. त्या ओळीत शाई फुटली आहे. पण ‘गोंयची न्हय’ हा शेजारणीचा निकष झाला. या योजनांचा निकष आहे १५ वर्षांचं वास्तव्य, आणि तुमची २२ वर्षं झाली. सीमेपलीकडून पेडणे, डिचोली, सत्तरीत लग्न करून आलेल्या किती बायका असतील याची मोजदाद कुणी केली नसेल, पण दर दुसऱ्या घरात एक सापडते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी याच एका शब्दापायी मामलेदार कचेरीची पायरी चढत नाहीत. वास्तव्याचा पुरावा तुमच्या घरातच पडलेला असणार : जुनं मतदार ओळखपत्र, रेशनकार्डावर नाव चढलेलं वर्ष, दोन्ही मुलांचे जन्मदाखले, त्यांच्या शाळेची कागदपत्रं. १९ वर्षांच्या मुलीचा जन्मदाखला गोव्यातला असेल तर तो एकटाच तुमच्या १९ वर्षांची साक्ष देतो. तलाठ्याचा अहवाल आणि मामलेदाराचा दाखला यांतून उरलेलं होईल.

खरी अडचण वास्तव्याची नसून नावाची निघेल, असं मला वाटतं. तुम्ही लिहिता की आधारवर सासरचं नाव आहे आणि बँकेच्या पासबुकावर माहेरचं आडनाव राहून गेलं आहे. हे आधी नीट करून घ्या. नाहीतर मंजूर झालेले पैसे खात्यापर्यंत येऊन परत फिरतात आणि बाई सहा महिने समजत राहते की अर्ज नामंजूर झाला. लग्नाच्या नोंदणीचा दाखला सोबत न्या. गोव्यात लग्नाची सरकारी नोंदणी करावीच लागते, त्यामुळे तो तुमच्याकडे बहुधा असेल.

मृत्यूचा दाखला तुम्ही लॅमिनेट करून ठेवला आहे, असं लिहिलंय. जपून ठेवण्याच्या मायेनेच केलंत, कळतं. पण त्याच्या आणखी पाच-सहा अधिकृत प्रती काढा, आणि त्या लॅमिनेट करू नका. मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते, राहत्या गावच्या पंचायतीत होत नाही. ज्या कार्यालयाचा शिक्का तुमच्या दाखल्यावर आहे तिथेच जावं लागेल. पेडण्याच्या पंचायतीत हेलपाटे घालू नका.

उत्पन्नाचं काय लिहायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकून जे मिळतं ते दाखवू नको, असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. माझा सल्ला उलटा आहे : दाखवा. गृह आधारची कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ३ लाख आहे. तुम्ही लिहिलेली कमाई त्याच्या जवळपासही जात नाही. दयानंद योजनेची अट याहून कडक आहे. तरीही आठवड्याला दोन टोपल्या भाजी विकणाऱ्या बाईने खोटं लिहून स्वतःच्या अर्जात एक कच्चा दुवा का ठेवावा? लक्ष द्यायचं ते दुसरीकडे. उत्पन्न मोजताना ‘कुटुंब’ म्हणून कुणाकुणाला धरलं आहे ते पाहा. घर एक, घरक्रमांक एक, पण चुली दोन, अशी तुमची व्यवस्था दिसते. दिरांचा पगार तुमच्या दाखल्यात मिसळला तर तुम्ही पात्रच राहणार नाही. रेशनकार्ड अजून एकत्र असेल तर वेगळं करून घ्या, आणि उत्पन्नाचा दाखला त्यानंतर काढा. हा क्रम उलटा झाला तर दाखला पुन्हा काढावा लागेल. दिरांशी हे बोलताना सांगा, की घर फोडायचं नाही, फक्त कागदावरची चूल वेगळी दाखवायची आहे. ती प्रत्यक्षात आधीच वेगळी आहे.

सासूबाईंचं काम सगळ्यात सोपं आहे आणि तेच मी आधी करेन. बंद पडलेलं मानधन म्हणजे रद्द झालेलं मानधन नव्हे. दरवर्षी हयातीचा दाखला पोचला नाही की पैसे थांबतात, पोचला की प्रकरण पुन्हा सुरू करता येतं. दाखल्यासोबत एक ओळीचा अर्ज जोडा, की थांबलेल्या सहा महिन्यांची रक्कमही मिळावी. ती ओळ लिहिली नाही तर मागच्या महिन्यांचा विषय कुणी आपण होऊन काढत नाही.

माझ्या डिचोलीच्या मावशीची गोष्ट सांगते. सत्तरी ओलांडलेली, जन्मभर काजूच्या हंगामात राबलेली. बोंडू पिळणं, बिया भाजणं, साली फोडणं. काजूच्या सालीचं तेल कातडी जाळतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या दोन्ही अंगठ्यांवर रेषाच उरलेल्या नाहीत, बोटं तुळशीकट्ट्याच्या जुन्या दगडासारखी गुळगुळीत. एका कार्यालयात तिचा अंगठा यंत्रावर ठेवला, लाल दिवा लागला. पुसून ठेवला, पुन्हा लाल. तिथल्या मुलाने सांगितलं, ‘आजी, मॅच होत नाही, पुढच्या आठवड्यात या.’ ती चार आठवडे गेली. आपण जिवंत असल्याचं यंत्राला पटत नाही म्हणून ती घरी येऊन रडली, तेव्हा मला कळलं. मग मी तिच्याबरोबर गेले. डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवता येते का, ते विचारलं. नाहीतर राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा कागदी दाखला चालेल का, तेही विचारलं. कागदी चालला, पाच मिनिटांत काम झालं. सासूबाईंचे हात एकदा बघा. शेतात, मिठागरात, काजूत राबलेले असतील तर आधीच कागदी दाखला घेऊन जा. त्या चालू शकत नसतील तर अंगणवाडीताईला किंवा पंचायतीत येणाऱ्या स्वयंपूर्ण मित्राला सांगा. २०२० पासून सरकारने हे मित्र पंचायतींना नेमलेले आहेत, ते याच कामासाठी.

आता एक असं सांगते, जे तुम्ही विचारलेलंच नाही. पतीचं पासबुक काढा. मे आणि जून महिन्यांच्या नोंदी बोट ठेवून वाचा. कुठे ४३६ रुपये वजा झालेले दिसतात का? किंवा २० रुपये? जुन्या पानांवर, २०२२ च्या आधी, ३३० आणि १२ असे आकडे असतील. खातं उघडताना बँकेने एखाद्या फॉर्मवर सही घेतलेली असते आणि माणूस विसरून जातो. ४३६ ची नोंद म्हणजे पंतप्रधान जीवनज्योती विमा : कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख रुपये. हा विमा ५० वर्षांपर्यंत घेता येतो, तुमचे पती ४९ चे होते. २० ची नोंद अपघात विम्याची, मृत्यू अपघाताने झाला नसेल तर ती लागू पडणार नाही. मृत्यूच्या वेळी तो विमा चालू होता, म्हणजे त्या वर्षीचा हप्ता गेला होता, एवढं तपासा आणि बँकेत दावा करा. दावा ‘शक्यतो’ ३० दिवसांत करावा असं त्या नियमात आहे. ‘शक्यतो’ हा शब्द नियमातलाच आहे. काउंटरवर कुणी ‘आता उशीर झाला’ म्हणालं तर ‘दावा घ्या आणि नाकारायचा तर लेखी नाकारा’, असं म्हणा.

घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचीही चौकशी गटविकास कार्यालयात करा. कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला तर एकरकमी २०,००० मिळतात. आणि लेकीने १८ पूर्ण केली आहेत, तेव्हा मुलींच्या लग्नासाठीच्या लाडली लक्ष्मी योजनेचा १ लाखाचा अर्ज आजच बघा. लग्न ठरल्यावर बघू म्हणणाऱ्या घरांत ऐन लगीनघाईत कागद सापडत नाहीत.

राहिला तुमचा ‘हात पसरणं’ हा शब्द. तो वाचून मी थांबले. दयानंद योजना गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाने आहे. तुमचे पती आयुष्यभर बस चालवत होते. डिझेलवर, टायरवर, घरातल्या साबणावर कर भरला गेला, तो तुमच्या घरातूनही गेला. भाऊसाहेबांच्या नावाची योजना घ्यायला तुम्ही भिकारी म्हणून जात नाही. अर्जात ‘कृपया’ लिहा, ती आपली रीत आहे. ‘दया करावी’ लिहू नका.

येत्या सोमवारी पहिल्या बसने निघा. आदल्या रात्री एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत सगळं भरून ठेवा : आधार, रेशनकार्ड, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, तुमचं पासबुक, पतीचं पासबुक, सासूबाईंचं मंजुरीपत्र, चार फोटो आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. अर्ज घरीच लिहून न्या. मुलगी कॉलेजात शिकते, तिचं अक्षर चांगलं असेल. तिला एक दिवस सुटी घ्यायला लावा आणि सोबत न्या. खिडकीवर तुम्ही बोला, पोचवरची तारीख आणि क्रमांक तिला वहीत लिहून घेऊ दे. आणि दिरांनाही चला म्हणा. त्यांना राग येईल म्हणून टाळू नका. भावाच्या पासबुकातल्या त्या नोंदी वाचताना तेही तिथे असावेत, असं मला वाटतं.